बारा जीबीची इर्जिक

"दिनूभाऊ, ह्याच्यात ते भरून द्या."

"काय भरून देऊ, आबा?"

"जे सगळ्यांच्यात असतंय ते."

लिंबाजी आबांनी नवा कोरा मोबाईल काचेवर ठेवला आणि माझ्याकडे अशा विश्वासानं पाहिलं, जणू आता फक्त भरायचंच बाकी आहे. मी एकेक विचारत गेलो. गाणी? न्हाई. बाजारभाव? ते पारावर कळतात. भजनं? "भजनं मला येत्यात की." शेवटी उलगडा झाला, की जालन्याला शिकणारा नातू बोलताना डोळ्यांना दिसावा, एवढीच आबांची मागणी होती. मी ते ॲप घालून दिलं. आबांनी मोबाईल तळहातावर घेऊन वरखाली केला, बियाण्याची पिशवी जोखावी तसा.

"जड न्हाई झाला."

"त्याला वजन नसतंय, आबा."

"मंग भरलं हे म्या कशावरून धरू?"

अशी गिऱ्हाइकं नशिबी आली की माणसाला करमणुकीचा वेगळा खर्च करावा लागत नाही.

कुंभार पिंपळगावात बाजाराच्या रस्त्याला माझं दुकान आहे. एका अंगाला बी-बियाणं, दुसऱ्या अंगाला भज्याचा गाडा, मधे मी. पाटीवर 'कॉम्प्युटर व मोबाईल दुरुस्ती' असं लिहिलंय, पण तो नुसता पडदा. पडद्यामागचा खरा धंदा वाहतुकीचा. मोठमोठी सॉफ्टवेअरं जिथं नेट वाहतं तिथून उचलायची आणि जिथं नेट ठिबकतं तिथल्या यंत्रात नेऊन ओतायची.

शहरातल्या वाचकांना हे पटणार नाही, म्हणून उलगडून सांगतो. आमच्याकडं बहुतेकांच्या मोबाईलला रोजचा दीड जीबी असतो. जीबी म्हणजे नेटचं माप, आपला हंडा समजा. जालना जिल्ह्यातल्या माणसाला टँकर समजावून सांगावा लागत नाही, तेव्हा एवढंच म्हणतो, की रोज दारात टँकर येतो, दीड हंडा पाणी देतो, आणि दिवस उलटला की उरलेलं सांडून टाकतो. साठवायची सोय नाही. आता ज्यांच्या घरी चोवीस तास नळ आहे, त्या मंडळींनी एक सॉफ्टवेअर बनवलं, ते बारा हंड्यांचं. त्यांच्या हिशेबी हे पाणी म्हणजे चूळ भरण्यापुरतं. ते बनवणाऱ्याला मी कधी भेटलो, तर शिव्या देणार नाही. मुकाट्यानं एक हंडा त्याच्या डोक्यावर ठेवीन आणि म्हणीन, चला.

यावर आमच्या लोकांनी आपल्या परीनं इलाज काढले. विरजणाचा इलाज सर्वांत जुना. गावात एकानं ॲप उतरवून घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मोबाईलशेजारी मोबाईल ठेवून, नेटचा थेंब न सांडता, ते आपल्यात ओढून घ्यायचं. जसं एका वाटीवरून गल्लीभर दही लागतं तसं. मुक्ताबाई म्हणून आमच्या एक शेजारीण आहेत, बचत गटाचं ॲप त्यांच्याकडं आधी आलं. गल्लीतल्या बाया संध्याकाळी घ्यायला गेल्या, तर मुक्ताबाई उंबऱ्यात आडव्या.

"दिवेलागण झाली. आता विरजण घराबाहेर जात नसतं."

"अवो, हे मोबाईलमधलं हाये."

"नाव विरजणच ना? सकाळी या."

मला मध्यस्थीला बोलावलं. मी सॉफ्टवेअर, सिग्नल, विज्ञान असं पुष्कळ बोललो. मुक्ताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. दूध मात्र त्यात नव्हतं, कारण तेही दिवेलागणीनंतर देत नसतात. सकाळी मात्र गल्लीभर विरजण लागलं.

पण मला खरी सांगायचीय ती गयाबाईंच्या वस्तीवरची गोष्ट.

गयाबाई म्हणजे गावाबाहेर रस्त्याकाठच्या वस्तीवर राहणारी बाई. माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं, आता शेतीही. आवाज असा, की मेंढरू पलीकडच्या शिवारात असलं तरी मागं वळून बघतं. मुलगा बाळू जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला, आठवड्यानं घरी येतो. सून अनिता. तिनं जालन्याला नकाशे काढण्याचा, म्हणजे ड्राफ्टिंगचा, डिप्लोमा केलेला. लग्नानंतर डिप्लोमा ट्रंकेत गेला आणि अनिता मेंढरांमागं.

एक दिवस दोघी सासवा-सुना दुकानात आल्या. येताना भांडत आल्या, आणि माझ्यासमोर बाकावर बसून भांडण पुरं केलं. मी मधे पडलो नाही. नाटकात दुसऱ्याचा प्रवेश चालू असताना आपण विंगेतच थांबावं, हा माझा नियम. गावच्या नाटकात मी वर्षानुवर्षं खलनायक करत आलोय, त्यामुळं मला तेवढी शिस्त आहे.

भांडण संपल्यावर अनिता म्हणाली, "भाऊ, एमआयडीसीत एक शेठ हायेत, लोखंडी शेड बनवतात. त्यांचा नकाशे काढणारा माणूस सोडून गेला. ते म्हणले, सोमवारी सकाळपर्यंत एका शेडचं ड्रॉइंग काढून धाडा. पसंत पडलं तर पुढचं काम घरी बसून."

"आन् न्हाई पडलं तर?"

उत्तर गयाबाईंनी दिलं. "मंग पाडवा झाला की दोघं पुण्याला चालले. तिथं हिला कुठंबी काम भेटंल म्हणतात."

"मग वाईट काय मावशी? लेकरं पुढं जातील."

"जाऊ द्या ना. म्या कुठं धरून ठेवलं?" गयाबाईंनी पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघत म्हणाल्या, "पर मंग माझ्यासंगं भांडंल कोण? बाळ्या तर तोंड उघडत न्हाई. मेंढरं समदं ऐकून घेत्यात. मजा येत न्हाई."

अनिता खाली बघून हसली. मला तेव्हाच कळलं, की हे काम झालंच पाहिजे. पिंपळगावच्या शिवारातलं एवढं कसदार भांडण पुण्याला जाऊ देणं बरं नव्हतं.

कॉम्प्युटर होता. एका ऑफिसानं मोडीत काढलेला डबा बाळूनं आणून ठेवला होता. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शेठनं सांगितलं ते, बारा जीबीचं. त्यात त्याचा नखरा असा, की ते पेनड्राइव्हमधून घालता येत नाही. ज्या यंत्रात राहायचं त्याच यंत्रात, नेटवरून, सरळ उतरणार. नवरदेवाला घोड्यावरूनच यायचंय, त्यातला प्रकार.

वायरीचं नेट आमच्या रस्त्यापर्यंत आलंय म्हणतात. माझी त्याची अजून भेट नाही. तेव्हा अशा वेळी माझी जुनी वाट म्हणजे यंत्रच उचलायचं आणि यष्टीनं अंबडला माझ्या मित्राकडं न्यायचं. त्याच्याकडं नेटचा धबधबा आहे. गयाबाई म्हणाल्या, म्या येते. डबा घोंगडीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला. कंडक्टर आला, दाढीवाला, डोळे मिचकावणारा.

"काय मावशी, मेंढरू हाये का?"

"न्हाई."

"मंग काय हाये?"

"सुनंचं काम हाये."

कंडक्टरनं घोंगडी थोडी उचलून आत बघितलं. "एवढं मोठं काम असंल तर अर्धं तिकीट लागंल," म्हणाला आणि खरोखर फाडलं.

अंबडला बारा जीबी असं उतरलं, की गयाबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी रडून राह्यले का तुम्ही?" येताना मात्र गाडीनं रस्त्यातल्या सगळ्या खड्ड्यांना आपुलकीनं भेटत भेटत आम्हाला आणलं. घरी आणून चालू केलं, तर आतून कडकड असा आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक तबकडी फिरत असते, सगळं त्यावर लिहिलेलं. हिसक्यांनी तिनं मान टाकली होती. बारा जीबी गेलं.

दुसऱ्या यंत्रातून काढलेली एक तबकडी माझ्याकडं होती, ती बसवली. पण तीही वयस्करच. मी म्हणालो, पुन्हा अंबडला जाऊ. गयाबाईंनी घोंगडी झटकून दोरीवर टाकली.

"गाभण मेंढी आन् हा डबा, दोन्ही आता यष्टीत घालायचे न्हाईत."

विषय संपला. आणि तो गुरुवार होता.

मी बाजेवर बसून अनिताला समजावत होतो, की तिचा मोबाईल जोडून रोज दीड-दीड जीबी उतरवलं तर आठवडा जाईल, माझा जोडला तरी चार दिवस तर लागतीलच, आणि ड्रॉइंग काढून धाडायचा सोमवार तर तोंडावर. गयाबाई चुलीपुढून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "म्हंजी रान मोठं आन् तुमच्याकडं एकच बैलजोडी."

"हाव, तसंच."

"मंग इर्जिक घाला ना. काहून डोकं धरून बसले?"

मी उभाच राहिलो. नव्या वाचकांसाठी सांगतो. एखाद्याचं रान मोठं आणि बैल कमी असले, की तो गावाला इर्जिकीचं आवतण देतो. एका दिवसासाठी गावातल्या बैलजोड्या त्याच्या रानात उतरतात, दिवस कलायच्या आत सगळी नांगरट होते, मजुरी कुणी घेत नाही, फक्त जेवण घालायचं. ट्रॅक्टर आले आणि इर्जिक गेली. गयाबाईंच्या डोक्यात मात्र ती होती तशीच राहिली होती, औत जोडलेली.

त्या तिथूनच आवतण द्यायला निघाल्या. घरोघरी एकच निरोप. "उद्या सकाळी माझ्याकडं इर्जिक हाये. मोबाईल घेऊन या. अन् हे बघा, भरल्या पोटाचा आणायचा. सकाळी उठून बघत बसायचं न्हाई, सांगून ठेवते."

शुक्रवारी सकाळी वस्तीवर जत्रा. कुणी मोबाईल रुमालात बांधून आणलेला, कुणी चार्जरसकट. एकानं तर मोबाईलला कुंकू लावलं होतं. लिंबाजी आबाही आले. मी त्यांचा मोबाईल बघितला, तर त्यात पॅकच मारलेला नव्हता.

"आबा, हा रिकामा हाये."

"ठाव हाये मला. पर इर्जिकीचं आवतण आल्यावर घरी बसू का? जोडी नसलेला माणूसबी बांधावर उभा राहतो की."

सिग्नल लिंबाखालीच बरा येतो, म्हणून कॉम्प्युटर बाहेर काढला. डबा नवरीसारखा घोंगडीत, पुढं गयाबाई, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." बाजेवर त्याची स्थापना झाली, घरातून लाईटची वायर ओढली. लाईट त्या दिवशी गेली नाही, याची नोंद मी इथं कृतज्ञतेनं करतो.

आता माझी कलाकुसर. मोबाईलमधलं नेट दुसऱ्याला देता येतं, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. प्रत्येक हॉटस्पॉटला एक नाव आणि एक परवलीचा शब्द असतो. दर मोबाईलला नवं नाव, नवा शब्द टाकत बसलो असतो तर सोमवार तिथंच उजाडला असता. म्हणून मी युक्ती केली. सगळ्या मोबाईलांना एकच नाव, 'इर्जिक', आणि एकच परवलीचा शब्द. म्हणजे एक मोबाईल दमला की कॉम्प्युटर आपसूक दुसऱ्याला जोडला जाईल. सगळ्यांना दिसावं म्हणून मी ते नाव आणि तो शब्द खडूनं भिंतीवर ठळक लिहिला. इर्जिकीत लपवायचं काय असतं?

पहिल्या झटक्याला सगळ्यांनी एकदमच हॉटस्पॉट चालू केले. कॉम्प्युटर बावचळला, कधी ह्याच्याकडं, कधी त्याच्याकडं. गयाबाई ओरडल्या, "अरं, समद्या जोड्या एका तासात घालता का? रांगंनं या!" तास म्हणजे नांगराची एक ओळ. मग रांग लागली. बाजेवर एक सूप ठेवलं. पाळी येईल त्याचा मोबाईल त्या सुपात. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकू लागली. अनिता पट्टीसमोर बसली, आणि गाव तिच्यामागं. असं एकाग्र प्रेक्षागृह मला एकाही नाटकात मिळालं नाही.

चुलीवर येसराची, भाजल्या पिठा-मसाल्याची, आमटी रटरटत होती, भाकरीची चवड वाढत होती, सांज्याचा वास सुटला होता. पट्टी अर्ध्यापर्यंत आली. लोक टाळ्या वाजवत होते. आणि मग ती रेंगाळायला लागली. मोबाईल सुपात पडला रे पडला की रिकामा. भरल्या पोटाचे मोबाईल बघता बघता गळपटत होते आणि पट्टी मुंगीच्या पावलानं.

अनिता माझ्याकडं वळली. "भाऊ, एवढं नेट चाललंय कुठं?"

मी आधी कॉम्प्युटरच्या चोरखिडक्या तपासल्या. कधीकधी यंत्र स्वतःच गुपचूप भलतंच काही उतरवत असतं. पण मी सकाळीच सगळं बंद केलं होतं. रांगेत उरलेले मोबाईल थोडेच. अनिताचा चेहरा उतरलेला. गयाबाई परातीत पीठ मळत होत्या, पण हात थांबला होता. त्यांनी मला हळूच विचारलं, "व्हत न्हाई का, दिनूभाऊ?"

असा आवाज त्या बाईचा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मग मी खलनायकाची चाल काढली. हात मागं बांधून, मान तिरकी करून, सगळ्या अंगणातून एक फेरी. आणि काय बघतो? ज्यांचे मोबाईल नांगरट करून दमले होते, ती सगळी मंडळी गोठ्याच्या सावलीत, भिंतीला टेकून, खाली मान घालून. एकजण कुस्त्या बघतोय. दोघी जणी मिळून कुणाच्या तरी लग्नातला नाच बघताहेत. एक बुवा कीर्तन ऐकताहेत, डोळे मिटून.

"का हो बुवा, तुमचं नेट तर मघाशीच संपलं ना?"

"हाव. पर परत आलं!" बुवा आनंदानं म्हणाले. "भितीवरचा शब्द ह्याच्यात टाकला की येतंय. देवाची करणी."

देवाची कसली, माझी करणी! तो शब्द देण्याच्या कप्प्यात टाकायचा होता. तोच शब्द घेण्याच्या कप्प्यात टाकला की सुपातल्या मोबाईलचं नेट ह्यांच्याकडं वाहायला लागत होतं. कुणाला तरी हे सापडलं आणि त्यानं शेजारधर्म म्हणून सगळ्यांना सांगितलं. त्यात चोरी नव्हती. भिंतीवर लिहिलेलं होतं, ते सगळ्यांचंच.

मी बाजेवर चढून घोषणा केली. आधी कुणालाच कळलं नाही. कळलं ते गयाबाईंना, आणि त्यांचा आवाज परत आला. पलीकडच्या रानातली मेंढरं वळून बघायला लागली.

"अय माय! इर्जिकीला आलेल्या बैलांनीच रान खाल्लं! दिनूभाऊ, मुसकी घाला ह्यांना!"

मळणीच्या वेळी बैलानं दाणे खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. मोबाईललाही असतं. त्यावर विमानाचं चित्र असतं, ते दाबलं की मोबाईलचं तोंड बंद. मी सगळ्यांना विमान दाबायला लावलं. आणि मुसकी तपासायला माणूस नेमला, लिंबाजी आबा. कारण अख्ख्या अंगणात दाणाही न खाल्लेला मोबाईल त्यांचाच होता. आबा काठी घेऊन एकेकापुढं उभे राहत.

"विमान दाव."

"दाबलं ना, आबा."

"दाव म्हणलं. विमान न्हाई तर सांजा न्हाई."

बुवा ओशाळले होते. आबांनी त्यांच्या मोबाईलला दोनदा विमान दाबायला लावलं, त्यामुळं ते निघालं, मग तिसऱ्यांदा दाबायला लागलं.

पट्टी पुन्हा धावायला लागली. पण खाल्लं ते खाल्लं. शेवटचा मोबाईलही सुपात दमला, तेव्हा पट्टीचा बोटभर तुकडा रिकामा राहिला होता. जेवणं तयार, पण कुणी पंगतीला बसेना. तास पुरं झाल्याशिवाय इर्जिक जेवत नसते. नवं नेट उद्या सकाळीच येणार, म्हणजे ड्रॉइंगच्या दोन दिवसांतला एक गेला. अनितानं शेडचं माप लिहिलेला कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. गयाबाईंनी ते बघितलं.

तेवढ्यात रस्त्यावर यष्टीचा आवाज आला, अंबडला जाणारी दुपारची गाडी.

गयाबाई पिठाच्या हातानं धावत सुटल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. गाडी करकचून थांबली. दारातून दाढी बाहेर आली.

"काय मावशी, आज काय आणलं? मेंढरू का काम?"

"काम अडून राह्यलंय, भाऊ. खाली उतरा. माझ्याकडं इर्जिक हाये. वाटंनं जाणाऱ्याला जेवल्याबिगर जाऊ देत नसतात. समद्यांनी जेवा. अन् मोबाईल आणा."

कंडक्टरनं घोंगडीतला तो डबा लिंबाखाली ओळखला. तो ड्रायव्हरला म्हणाला, "ह्या डब्याचं अर्धं तिकीट म्या फाडलंय. आपला पॅसेंजर हाये तो." ड्रायव्हरनं आमटीचा वास घेतला आणि गाडी बंद केली.

एक कोट घातलेले गृहस्थ खिडकीतून चिडले, "अहो, माझी अंबडला कोर्टात तारीख हाये!"

"इतकी वर्षं तारीख पडूनच राह्यली ना?" कंडक्टर म्हणाला. "एक भाकर खाऊन गेले तर काय निकाल लागणार हाये?"

गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि सर्वांत आधी उतरले. कंडक्टरचा मोबाईल मी सुपात ठेवला. त्याचं नेट सकाळपासून वापरलेलंच नव्हतं, तो म्हणाला, दिवसभर माणसं बघतो, मोबाईल कशाला बघू? पट्टी सरकली, सरकली, आणि अगदी काठाशी येऊन कंडक्टरचंही संपलं. तेव्हा कोटवाले गृहस्थ सांजा खाता खाता उठले आणि डाव्या हातानं त्यांनी आपला मोबाईल सुपात ठेवला.

"घ्या. माझं तर काही होत न्हाई, हिचं तरी होऊन जाऊ द्या."

पट्टी भरली.

त्या अंगणात जो आवाज झाला त्याला मी काय उपमा देऊ? मेंढरं पार बांधापर्यंत पळाली. अनितानं हात जोडून कुणाकडं बघावं ते तिला कळेना, म्हणून तिनं सुपाला नमस्कार केला. मी नाटकी ढंगात वाकून तिला म्हणालो, "उघडा, बाईसाहेब." तिनं बोट ठेवलं. सॉफ्टवेअर उघडलं. आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट आली, इंग्रजीत.

गयाबाई पिठाचे हात पुढं धरून उभ्या. सगळं गाव, सगळी यष्टी पडद्याकडं वाकलेली.

"काय म्हणून राह्यलं ते?"

मी वाचलं. अनितानं वाचलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यात लिहिलं होतं, की याच्यापेक्षा नवं आलेलं आहे, उतरवून घ्यावं.

मी घसा साफ केला. "मावशी, ते धन्यवाद म्हणून राह्यलंय."

"मंग बराबर," गयाबाई म्हणाल्या. "चला, पानं मांडा."

अनितानं ती चौकट बंद केली, आणि पदराच्या आडून इतकी हसली की तिला ठसका लागला. यष्टी हॉर्न वाजवत गेली. शनिवार-रविवार बसून तिनं शेडचं ड्रॉइंग काढलं, खांब, छपराच्या कैच्या, पत्रे, बोल्टाच्या भोकांसकट. सोमवारी सकाळी धाडलं, त्याला एका मोबाईलचा एक घोट नेट पुरला. शेठनं दुपारी फोन करून दोन चुका सांगितल्या आणि पुढच्या दोन शेडांची मापं सांगितली. पाडवा आला, गुढी उभारली, पुण्याचं नाव कुणी काढलं नाही.

मला लोक विचारतात, एवढ्या वर्षांत तू स्वतः एखादं सॉफ्टवेअर का नाही बनवलंस? ती हौस राहूनच गेली. मी फक्त वाहिलं. दरवर्षी ओझी वाढत गेली, लोकांचा हंडा तेवढाच राहिला. चांगले धडधाकट मोबाईल, नवं ॲप मावत नाही म्हणून माझ्या हातानं मी कितीदा परत केले. एका म्हातारीला मी म्हणालो, आजी, हा आता जुना झाला. ती म्हणाली, म्याबी झाले, मंग काय करायचं? मी तिचा मोबाईल पुसून पुसून दिला, दुसरं काही जमलं नाही. हे आठवलं की भज्यांची चव जाते. तेव्हा मी गाडी काढून गयाबाईंच्या वस्तीवर जातो.

परवाच गेलो होतो, कीबोर्डचं एक बटण अडकत होतं म्हणून. रस्त्यावरूनच दोघींचा आवाज आला. जोरात चाललं होतं, आणि अनिताही आता सासूच्या तोडीची झालीय. मी गाडी बंद करून लिंबाखाली थांबलो, विंगेत थांबावं तसा. अंक संपल्यावर आत गेलो.

"बरं झालं आले, दिनूभाऊ," गयाबाई म्हणाल्या. "हे डबडं लई गोडबोलं हाये. रोज चालू केलं की आधी धन्यवाद म्हणतंय. तीच चौकट. हिला म्हणलं, काहून इतकं म्हणून राह्यलं, तर ही हसती."

मी अनिताकडं बघितलं. अनितानं खिडकीबाहेर बघितलं.

"यंत्र आहे मावशी. उपकार विसरत नसेल."

"न्हाई, न्हाई." गयाबाईंनी डब्याकडं डोळे बारीक करून बघितलं, मेंढीच्या बाजारात दलालाकडं बघावं तसं. "एकदा जेवला, एकदा धन्यवाद म्हणला, बराबर हाये. पर जो रोज रोज दारात येऊन धन्यवाद म्हणतो ना दिनूभाऊ, तो पुन्हा जेवायला आलेला असतो."

अनिता फुटलीच. "आत्याबाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हंजी खरंच हाये का? आन् तू मला इतके दिवस बोलली न्हाई?"

मी अडकलेलं बटण तसंच ठेवून चपला घातल्या. पाठीमागं भांडण पेटलं होतं, नवं कोरं, भरल्या पोटाचं. गाडीशी आलो, पण किक मारायचं जिवावर आलं. तिच्या आवाजात ते ऐकू आलं नसतं.